प्रतिसाद: ट्रान्सप्लांटनंतर घरी आल्यावर

मूळपेशींचं (स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींचं) ट्रान्सप्लांट होऊन नवरा घरी आला, पण दिवसभर पडून असतो आणि जेवायला बोलावलं की खेकसतो, असं तुम्ही वर लिहिलंय. अगदी ओळखीचं वाटलं, माझ्या भावाचंही हेच होतं. नव्या मूळपेशी रुजून रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. प्रतिकारशक्ती सावरायला मात्र वर्षभर, कधी त्याहूनही जास्त. रिपोर्ट चांगला आला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! आणि इकडे पेशंटच्या अंगात जिना चढायचं त्राण नसतं. जेवणाचं म्हणाल तर ट्रान्सप्लांटआधीच्या केमोने तोंडाची चवच जाते, भावाला पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. वहिनीने ताट वाढणं सोडलं. वाटीत चार घास उशाशी ठेवायची आणि विषय काढायची नाही. बहुतेक वेळा वाटी रिकामी व्हायची.

ताप ३८ अंश सेल्सिअसला पोचला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच डॉक्टरांना फोन करा. त्यांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही नको, ताप झाकला जातो. सर्दीखोकला घेऊन भेटायला येणाऱ्यांना परत पाठवायचा वाईटपणा तुम्हीच घ्या, नवऱ्यावर टाकू नका. आणि हो, नवऱ्याला लहानपणीच्या लशी बहुधा पुन्हा घ्याव्या लागतील. त्या कधी, ते पुढच्या तपासणीला विचारून ठेवा.