जुन्या टेलिफोन वायरिंगवर फायबरचा फोन कसा जोडावा?

मोर्शीकर_संत्रा
तांब्याची लँडलाईन बंद करून फायबर घेतलं, नंबर जुनाच आहे. ओएनटी (फायबरची तार जिथे येते तो डबा, त्यातच फोनचं पोर्ट असते) बैठकीत आहे आणि त्याच्या पोर्टात सरळ लावलेला फोन चांगला चालतो. कवेलूचं जुनं घर आहे. भिंतीतली वायर बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून माडीवर आणि अंगणावरून ४० मीटर लांब गोठ्यात गेलेली आहे. ओएनटीची वायर भिंतीतल्या रोझेटला (फोनची तार जोडायच्या डबीला) लावली तर चारही फोन वाजतील काय? माडीवर गोल डायलचा काळा फोन आहे, आईला तोच पाहिजे. अन् घरातली वीज गेली की फोन मुका होते, पहिले असं नव्हतं.

जुना_जोडारी
वाजतील, पण खांबावरून येणारी जुन्या लाईनची जोडी (दोन तारा) आधी सोडवा. जिथून तार घरात शिरते तो रोझेट उघडून दोन्ही स्क्रूंवर मल्टिमीटर डीसीला लावा. ४८-५० व्होल्ट दिसले तर एक्सचेंजचा करंट अजून चालू आहे. शून्य दिसलं तरी जोडी काढायचीच, कारण तीच जोडी उद्या दुसऱ्या कुणाला मिळू शकते, शिवाय आभाळातल्या विजेचा झटका त्याच तारेवरून घरात येतो. ओएनटीचं पोर्ट स्वतःच तारेवर व्होल्टेज सोडतं. एका तारेवर दोन मालक झाले की पोर्ट जळतं, आणि पोर्टासाठी अख्खा ओएनटी बदलावा लागतो. काढलेल्या तारांना वेगवेगळी टेप मारा. कापू नका, खांबापर्यंतची तार कंपनीची आहे. जुन्या ब्रॉडबँडचा स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) मध्ये असेल तर तोही काढा.

मग ओएनटी न लावता घरातली वायर तपासा. सगळे फोन काढा आणि मीटर ओहमवर ठेवा. दोन तारांमध्ये काहीच दिसायला नको. काही किलोओहम दाखवत असेल तर भिंतीत ओल आहे नाहीतर उंदराने वायर कुरतडली आहे. नंतर टोकाच्या रोझेटवर दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याची ३० मीटर जोडी जाऊन-येऊन साडेपाच ओहमच्या आसपास भरते. ४०-५० आले तर कुठेतरी जॉईंट गंजलाय. पिळून टेप मारलेले जॉईंट पावसाळ्यात हमखास खरखर करतात. तिथे लाईनमन वापरतात ते जेल भरलेले दाबायचे कनेक्टर लावा, एका जॉईंटला दोन.

एका बाजूला आरजे-११ (फोनचा छोटा) प्लग असलेली दोरी घ्या. चार तारा असतील तर मधल्या दोनच, बहुतेक लाल-हिरवी, रोझेटच्या स्क्रूंवर लावा. प्लग फोनच्या पोर्टातच घाला. तो लॅनच्या (इंटरनेटच्या वायरच्या) पोर्टातही बसतो आणि तिथल्या कडेच्या पिना वाकवतो.

बारा_व्होल्ट
वीज गेल्यावर फोन का मरतो, तर तांब्याच्या तारेवर करंट एक्सचेंजच्या बॅटरीतून यायचा आणि फायबरमधून करंट येतच नाही. ओएनटीला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. अडॅप्टरवर १ किंवा १.५ अँपिअर लिहिलेलं असेल, यूपीएस २ चा घ्या आणि पिन तीच आहे का बघा. ८००० एमएएच वाचून हुरळू नका, तो आकडा बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. ओएनटी ८ वॉट खात असेल तर तीन तास, फार तर साडेतीन. गाडीची बॅटरी थेट लावू नका, चार्ज होताना ती १४ च्या वर जाते.

यूपीएस चालू असून ओएनटीवरचा पॉनचा (फायबरच्या सिग्नलचा) दिवा विझला तर बिघाड बहुधा घराबाहेर आहे. रस्त्यातल्या, फायबर घराघरात वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, ऑपरेटरकडच्या यंत्राला लागते. तिथे फोन करा, घरातली वायर उकरू नका.

जुना_जोडारी
डायलच्या फोनचं राहिलं. तो वाजेल, आई बोलूही शकतील, पण बरेच ओएनटी पल्स डायलिंग (गोल डायलचे टकटक ठोके) ओळखत नाहीत, म्हणून त्यावरून नंबर लागणं कठीण. शेजारी बटणांचा फोन ठेवा, पी-टीचं (पल्स-टोन) बटण असेल तर टी वर. घंटीचा भारही बघा. पोर्टात ताकद थोडीच असते आणि असा घंटीवाला फोन तीन-चार नव्या फोनांइतकी ती एकटाच खातो. डायलटोन येतो पण घंटी मरगळलेली, असं झालं तर एकेक फोन काढून बघा.

धुऱ्यावरचा_वायरमन
गोठ्याची वायर रोझेटमधूनच तोडा भाऊ. अंगणावरून उघडी ४० मीटर तार म्हणजे मृगाच्या गडगडाटात ओएनटीला नेमका रस्ता. वीज जवळ पडली तरी पुरे, तारेवर पडायची गरज नाही. न्यायचीच असेल तर पाईपात घालून जमिनीखालून न्या, मोटारच्या केबलपासून लांब, आणि दोन्ही टोकांना २३० व्होल्टची गॅस ट्यूब (जास्तीचा झटका जमिनीत सोडणारी) लावून अर्थिंग द्या. अर्थिंग नसेल तर ट्यूब लावून काही उपयोग नाही. माझं ऐकाल तर कॉर्डलेस घ्या. त्याचा बेसही वीज मागतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर घाला. टिनाच्या शेडमध्ये रेंज तुटते, तेव्हा हँडसेट दाराजवळ टांगा.