मदत हवी आहे : आत्याचा होमा-आयआर २८ आला, हिशेब कुठे चुकतोय?

कृष्णाकाठ
आत्या, वय ५२, तासगाव. साखरेची गोळी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, दुसरी गोळी किंवा इंजेक्शन नाही. उपाशीपोटी साखर ११८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, फास्टिंग इन्सुलिन ९७. होमा-आयआर म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याचा) अंदाज; त्यासाठी साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५ केलं तर २८.३ येतंय. इतका रेझिस्टन्स असतो का? घरात सगळे धास्तावलेत.

मिरज_लॅब
धास्तावू नका, आधी ९७ च्या पुढचं एकक वाचा. ते पिकोमोल प्रति लिटर असणार. ४०५ चं सूत्र साखर मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर आणि इन्सुलिन मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर असेल तरच चालतं. म्हणून ९७ ला ६ ने भागा, १६.२ येतील. ११८ × १६.२ ÷ ४०५ = ४.७. काही लॅब ६.९४५ ने भागतात, तसं केलं तर ४.१. कुठलाही धरा, रेझिस्टन्स आहेच, २.५ च्या आसपासपासूनच संशय घेतात. पण इन्सुलिनचं किट बदललं की आकडा हलतो, त्यामुळे पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा.

कृष्णाकाठ
हो, बारीक अक्षरात पिकोमोलच आहे! रक्त गावातल्या कलेक्शन सेंटरला घेतलं, सांगलीला दुपारी पोचलं. चालतं का?

मिरज_लॅब
इथंच घोळ होतो. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते. साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूबच हवी. तिच्यातही पहिला तासभर थोडी उतरतेच. इन्सुलिनचं रक्त तिथंच फिरवून सीरम वेगळं काढून थंड पाठवायचं. तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. सीरम लालसर दिसलं तर नमुना परत द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला सांगा, काही किटांत त्यानंही आकडा बिघडतो.

हळदबाजार
इन्सुलिनवर भरवसा नसेल तर हातातल्या रिपोर्टवरच पडताळा घ्या. ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल, २१० ÷ ३६ = ५.८. ३ च्या वर गेलं की रेझिस्टन्सचा संशय धरतात. मात्र ट्रायग्लिसराइडला १० ते १२ तास उपास पाहिजे, पहाटेचा चहासुद्धा नको. मानेवर काळपट, मखमली पट्टा आहे का आणि कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आहे का, हेही बघा, याही रेझिस्टन्सच्या खुणा.

कृष्णाकाठ
मानेवर आहे, कंबर ९४. नुसत्या एचबीए१सीवरून कळलं नसतं का?

मिरज_लॅब
नाही. ६.४ म्हणजे सरासरी साखर साधारण १३७, एवढंच कळतं. रेझिस्टन्स असला तरी स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून साखर वर्षानुवर्षं दाबून ठेवतं. उलट स्वादुपिंड थकलं की इन्सुलिनच कमी होतं आणि होमा चांगला दिसतो, म्हणून जुन्या मधुमेहात तो फसवतो. इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असेल तर होमा काढूच नये. ग्लिमेपिराइड (स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) चालू असलं तरी तो फुगतो. आत्यांचं हिमोग्लोबिनही बघा, लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटा जास्त येतो. हे सगळे कागद एकत्र डॉक्टरांसमोर ठेवा, गोळी मात्र मनानं वाढवू नका.