'उदासीन' म्हटलं की उदास ऐकू येतं. दुसरा शब्द आहे का?

खाडीकाठ (कळवा)
आमच्या सोसायटीत रविवारी ज्येष्ठांचा वाचनगट बसतो. सध्या स्टोइक मंडळी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचा एक पंथ, चालू आहेत: सेनेका, एपिक्टेटस, मार्कस ऑरेलियस. दर वेळी मी दोन पानांचं मराठी टिपण करून देतो. या वेळी एका शब्दापाशी अडलो आहे.

मूळ ग्रीक शब्द 'आदिआफोरा'. स्टोइकांच्या मते चांगला फक्त सद्गुण आणि वाईट फक्त दुर्गुण. पैसा, तब्येत, नावलौकिक, अगदी जगणं-मरणंसुद्धा या दोन्हींत बसत नाही, कारण त्यामुळे माणूस चांगला किंवा वाईट ठरत नाही. मी लिहिलं, 'या गोष्टींबाबत उदासीन असावं.' गटातल्या एक काकू आहेत, त्यांचे यजमान नुकतेच गेले. त्या म्हणाल्या, "म्हणजे उदास राहायचं? ती तर मी आहेच. त्यासाठी ग्रीक कशाला वाचायचे?"

त्यांना पटेल आणि मूळ अर्थही सुटणार नाही असा शब्द हवा आहे.

शुद्धमती
शब्द बरोबरच आहे, बदलू नका. उद् + आसीन, म्हणजे बाजूला, वर बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलातला, म्हणजे मित्र-शत्रू राजांच्या मांडणीतला, उदासीन राजा कुणाच्याच बाजूला नसतो, पण तो दुबळा नव्हे, चांगला बलाढ्य असतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात 'अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः' आहे. दक्ष आणि उदासीन एकाच ओळीत, एकाच माणसाबद्दल. लोकांनी अर्थ पातळ केला म्हणून आपण शब्द सोडायचा का?

पाचपाखाडी
सोडू नका, पण कान कुणाचा आहे ते बघाल की नाही? 'मतदारांमध्ये उदासीनता', 'पाणीप्रश्नी उदासीन' हे आपण वर्षानुवर्षं वाचतोय. आज या शब्दाचा अर्थ 'काही पडलेलं नाही' असाच होतो. कौटिल्य सोसायटीच्या हॉलमध्ये येऊन समजावणार नाही.

ग्रीक शब्दाची फोड केली तर तो 'फरक नसलेलं' असाच होतो. मग सरळ 'फरक न पाडणाऱ्या गोष्टी' म्हणा. 'मला फरक पडत नाही' हे आपण रोज बोलतो.

शुद्धमती
'फरक' अरबी आहे. तत्त्वज्ञानाची परिभाषा करताना तरी आपल्या घरचा शब्द शोधावा. 'निर्विशेष' चालेल.

पाचपाखाडी
'फरक' मराठीत इतका मुरला आहे की आजीच्या तोंडीही तोच असतो. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाने शेकडो फारसी-अरबी शब्द बदलून पाहिले. त्यातले काही रुजले, पण 'जमीन', 'कागद' आणि 'हवा' आपण आजही सोडलेले नाहीत. 'निर्विशेष' ऐकून त्या काकू काय समजतील?

तीन हात नाका
तुम्ही दोघं भांडताय, पण उत्तर तुकोबांकडेच आहे.

'जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी ।।'

इथे 'उदास' म्हणजे दुःखी नव्हे. चांगल्या मार्गाने धन मिळवावं आणि जीव न अडकवता खर्च करावं. सेनेका रोममधल्या बड्या धनिकांपैकी एक होता आणि त्यावरून लोक त्याला टोचत. सुखी जीवनावरच्या निबंधात त्याने उत्तर दिलं की शहाणा माणूस संपत्तीवर प्रेम करत नाही, पण असलेली बरी मानतो. तिला घरात घेतो, मनात घेत नाही. हे वाचलं तेव्हा मला तुकोबांची ओळ शब्दशः आठवली. स्टोइकांनी 'फरक न पाडणाऱ्या' गोष्टींतही 'असल्या तर बऱ्या' असा वेगळा गट केला होता, तब्येत आणि पैसा त्यात येतात. सांगायचा मुद्दा, तुकोबांचा 'उदास' हाच त्यांचा शब्द. अर्थ बदलला तो नंतर आपल्या बोलण्यात.

पेटीवाला (वाशी)
मी आडत्या, फळबाजारात. भाषेतलं तुमच्याइतकं कळत नाही, पण ही कल्पना मला रोज भेटते. एपिक्टेटसने फाशांचं उदाहरण दिलंय: सोंगट्या आणि फासे यांचं काही बरं-वाईट नाही, कोणतं दान पडेल ते कुणाच्या हातात नाही, पण पडलेलं दान नीट खेळणं हे माझं काम. हापूसच्या हंगामात सकाळी पेटी उघडेपर्यंत भाव काय लागेल ते मला ठाऊक नसतं. आवक वाढली की भाव उतरणारच. आंबा दाबून बघणं, डागी फळ वेगळं काढणं, शेतकऱ्याला खरा भाव सांगणं, एवढं माझं. भावाला मी 'उदासीन' नाही, त्यावर माझं घर चालतं. पण त्यावरून माझी किंमत ठरवत नाही.

आमच्याकडे म्हणतात, 'हातातलं आणि हाताबाहेरचं'. काकूंना हे लगेच कळेल.

शुद्धमती
'हातातलं' हा वेगळा मुद्दा. एपिक्टेटसची पहिलीच विभागणी ती आहे: काही गोष्टी आपल्या स्वाधीन, काही नाहीत. मनुस्मृतीत 'सर्वं परवशं दुःखं सर्वमात्मवशं सुखम्' आहे. पण 'स्वाधीन नसलेलं' आणि 'चांगलं-वाईट नसलेलं' एक नव्हे. दुसऱ्याने केलेला अन्याय माझ्या हाताबाहेर असतो, पण त्याच्यापुरतं ते वाईटच.

खाडीकाठ
पेटीवाले दादा, हे रविवारी वाचून दाखवतो. शुद्धमती, फरक मान्य. टिपणात दोन्ही वेगळे ठेवायला हवेत.

घोडबंदर
'स्थितप्रज्ञ' का नको? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात लक्षणंच दिली आहेत आणि सगळ्यांना पाठ असतात. मी गायमुखच्या कोंडीत बसलो की तेच म्हणतो. एपिक्टेटस सांगतो, सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय होतं ते मनात आणा: पाणी उडवणारे, धक्के देणारे, शिव्या देणारे, चोरी करणारे. मग निघा. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडण्याआधी हे मनात आणून बघा.

तीन हात नाका
स्थितप्रज्ञ हे माणसाचं वर्णन आहे, खाडीकाठना गोष्टींचं हवं आहे. आणि स्थितप्रज्ञ म्हटलं की लोकांना डोळे मिटलेला ऋषी दिसतो. मार्कस ऑरेलियस सन १६१ ते १८० सम्राट होता, राज्यात साथ पसरलेली, डॅन्यूबच्या सीमेवर लढाया चाललेल्या. त्याच धामधुमीत तो स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहीत होता. एका टिपणात पहाटे अंथरुणातून उठवत नाही तेव्हा स्वतःला काय सांगायचं, हेसुद्धा आहे.

खारफुटी (नेरूळ)
मला शब्दापेक्षा त्या काकूंची काळजी वाटते. खाडीकाठ, त्यांना सेनेकाचं त्रेसष्टावं पत्र वाचायला द्या. मित्र गेल्याने खचलेल्या ल्युसिलियसला तो लिहितो की डोळे कोरडे नसावेत आणि वाहतेही नसावेत. रडावं, पण आक्रोश करू नये. आणि त्याच पत्रात कबूल करतो की त्याचा मित्र सेरेनस गेला तेव्हा तो स्वतः नको इतका रडला. अजिबात दुःख करू नको, अशी सक्ती तो करत नाही. औलस गेलियस या रोमन लेखकाने लिहून ठेवलेल्या प्रसंगात एक स्टोइक वादळात बोटीवर पांढराफटक पडतो. नंतर तो सांगतो की पहिला धक्का कुणालाच चुकत नाही, त्या धक्क्याला मनाने 'हो' म्हणायचं की नाही, ते आपलं.

आणि कृपा करून कुणी 'सोशिक' सुचवू नका. वाचताना भीती वाटत होती की तोच शब्द येईल. माझ्या आईला सगळे सोशिक म्हणायचे. पोटात दुखायचं, सांगायची नाही. शेवटी खड्यांनी पित्ताशय भरलं, तेव्हा डॉक्टरकडे नेलं. बायकांच्या श्रद्धांजलीत हा शब्द कौतुकाने छापतात. एपिक्टेटसचे गुरू मुसोनियस रुफस म्हणत की मुलींनाही मुलांसारखंच शिकवावं आणि बायकांनीही तत्त्वज्ञान वाचावं. त्यांच्या शिकवणीला 'सोशिक' म्हणणं मला चालणार नाही.

घोडबंदर
ताई, तुमचं पटलं. पण 'सोसणं' वाईटच असं नाही. वेदना सोसणं आणि अन्याय सोसणं वेगळं.

खारफुटी
बायकांच्या बाबतीत ही रेघ कोण ओढतं, दादा? सोसणारी की बघणारे?

पाचपाखाडी
यावरून आठवलं. 'सोस' म्हणजे हव्यास, 'तिला दागिन्यांचा सोस'. आणि 'सोसणे' म्हणजे सहन करणे. दोन्ही एकाच मुळातून आले असतील का? माझा अंदाज, 'शोष' म्हणजे कोरड, तहान. तहानेवरून हव्यास, आणि शोषून घेण्यावरून सोसणं. तसं असेल तर स्टोइकांना हा योगायोग आवडला असता: हव्यास धरला की सोसणं आलंच.

शुद्धमती
पटत नाही. 'सोसणे' मला 'सह्'शी जोडावंसं वाटतं. 'सोढ' म्हणजे सहन केलेलं, त्यातही 'सो' आहे. आवाज जुळला म्हणून कूळ जुळत नाही.

पाचपाखाडी
सह्पासून 'साहणे' आधीच आहे मराठीत. 'साहवेना' म्हणतोच की आपण. मग 'सोसणे' त्याच घरातून दुसऱ्यांदा कशाला येईल?

शुद्धमती
एका मुळातून दोन शब्द येतातच. तुमच्या शोषातून दोन आलेले चालतात, तर माझ्या सह् मधून का नाही?

तीन हात नाका
दोघांकडेही दाखला नाही. संतवाङ्मयात 'सोस' आणि 'सोसणे' कुठे, कोणत्या अर्थाने आलेत ते आधी गोळा करूया. शनिवारी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाणार आहे. जुने व्युत्पत्तिकोश काढून ठेवायला सांगतो. कुणी येणार असेल तर कळवा.

खारफुटी
मी येते. 'सोशिक' पुरुषाबद्दल जुन्या मजकुरात कुठे सापडतो का, तेही बघायचंय.