अनुभव धागा: मणक्याचं दुखणं, ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

आज कपाट आवरताना तळाच्या कप्प्यात कंबरेचा पट्टा सापडला. वेलक्रोला जुन्या गाऊनचे धागे अजून चिकटलेले. पाच वर्षं झाली, पण हातात घेतला आणि ती पहिली रात्र जशीच्या तशी आठवली.

ऑपरेशन झालं तेव्हा मी ६७ ची. कंबरेतला चौथा मणका (एल४) पाचव्यावर (एल५) पुढे सरकलेला, नसांची वाट अरुंद झालेली. कंबर तेवढी दुखत नव्हती, पाय दुखायचे. दहा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या. बसलं की थोड्या वेळात सगळं शांत. पुढे वाकून चाललं की बरं वाटायचं, म्हणून नकळत तशीच चालायला लागले. दीड वर्ष घरात कोणाला नीट सांगितलं नाही. "वय झालं आता" म्हणत राहिले आणि फिरायला बोलावणाऱ्या मैत्रिणींना काहीतरी कारण देत राहिले. ते दीड वर्ष मला आजही लागतं.

मणक्यात चार स्क्रू, दोन सळया. शुद्धीवर आले तेव्हा पाठीची जखम ठणकत होती, पण पायातली कळ नव्हती. मला रडू फुटलं. सिस्टर धावत आली, तिला वाटलं दुखतंय. रात्री कुशीवर करायला दोघीजणी यायच्या. "ओंडक्यासारखं वळायचं आजी, खांदे आणि कंबर एकदम."

डाव्या पायाच्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र राहिलाच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कळ जाईल, बधिरपणाचा शब्द देत नाही.

ज्यांनी सोसलंय किंवा घरच्यांचं केलंय, त्यांनी लिहा. ऑपरेशन न केलेल्यांनीही.

०००

ओंडका! अगदी हाच शब्द. माझं ७३ व्या वर्षी झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबरेतून पिळायचं नाही. तीन महिने. चष्मा खाली पडला की नातू शाळेतून येईपर्यंत तसाच.
एक गोष्ट कोणी आधी बोलत नाही म्हणून लिहितो. दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि कुंथलं की टाके ओढतात. पहिल्या दिवशीच डॉक्टरांकडून त्याचं औषध मागून घ्या. लाजू नका.

०००

मी न केलेली. वय ६९. दोन मणक्यांमधली चकती सरकून नस दबली होती, डाव्या पायात वीज उतरायची. पायात ताकद होती, म्हणून डॉक्टर म्हणाले काही आठवडे थांबून बघू. पडून राहायचं नाही म्हणाले, जमेल तेवढं चाला. सातव्या आठवड्यात एकदा सलग रात्रभर झोपले आणि सकाळी घड्याळावर विश्वास बसेना. नुसता एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका, आपल्या वयात काहीच दुखत नसलेल्यांच्याही चकत्या झिजलेल्या दिसतात. दुखणं आणि रिपोर्ट जुळतात का ते विचारा.

०००

सगळं वाचलं नाहीये, घाईत लिहितोय. आई ७६, कंबरेचं दुखणं जुनंच. कालपासून बसायच्या जागी बधिर वाटतंय म्हणते आणि लघवी नीट होत नाहीये. सोमवारची अपॉइंटमेंट आहे. तोवर शेकलं तर चालेल का?

०००

दादा शेकू नका. सोमवार नाही, आत्ता. मणक्याचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि हे दोन्ही शब्द तिथे सांगा, बसण्याची जागा बधिर, लघवी अडतेय. खालच्या सगळ्या नसा एकदम दबल्या की असं होतं, त्यात तास मोजतात. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही "सकाळी बघू" म्हटलं. पाय सावरले, पण लघवीची नळी (कॅथेटर) शेवटपर्यंत सुटली नाही. निघा आधी.

०००

मी धागा काढणारी. हो, निघाच. पोहोचलात की दोन शब्द टाका, मी जागी आहे.

०००

ह्यांचं ७८ व्या वर्षी. ऑपरेशन उत्तम, पण दुसऱ्या रात्री मला ओळखेनात, सलाईन ओढायला लागले. मी कोपऱ्यात उभी राहून थरथरत होते. वयस्कर माणसांत मोठ्या ऑपरेशननंतर असा गोंधळ होऊ शकतो, हे आधी माहीत असतं तर एवढी घाबरले नसते. चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीतच राहिलं होतं. सकाळी दोन्ही लावलं, पडदा उघडला, समोर घड्याळ ठेवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, तू जेवलीस का?

०००

कानाच्या मशीनवरून, आमच्या ह्यांचं सारखं शिट्टी मारतं. कोणाला अनुभव?

०००

कानातला साचा सैल झाला असेल, नाहीतर मळ. दोन्ही तपासून घ्या.

०००

माझा मणका शिंकेनं दबला, खरंच. ७१ वय. तेव्हा कळलं हाडं किती ठिसूळ झालीत. डेक्सा केली, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. तिचा आकडा, टी-स्कोर, उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात. उंची चार सेंटीमीटर कमी झाली होती, ब्लाउजची बाही लांब वाटत नाही पण परकर जमिनीला लागायला लागला, तेव्हाच लक्ष जायला हवं होतं. बायांनो, पाळी जाऊन वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा. हाड मोडायच्या आधी.

०००

ताई, परकराचं वाचून आत्ता उठून आईचा बघितला. उद्याच विचारते.

०००

पोहोचलो. लगेच एमआरआय केला. रात्रीच ऑपरेशनला घेताहेत. आई माझा हात सोडत नाहीये.

०००

धरून ठेवा. आत नेईपर्यंत धरून ठेवा.

०००

देव करो वेळेत झालं असो. तिचा चष्मा तुमच्या खिशात ठेवा, बाहेर आली की आधी तो लावा.

०००

ठेवला. आत नेलं. फोनची बॅटरी संपत आलीये, चार्जर घरीच राहिला. सकाळी लिहितो.