पेमेंट विजेट लावले म्हणजे सुरक्षेची जबाबदारी संपली का?

अर्धविराम
‘दोन ओळींचा कोड चिकटवा, कार्डाचा क्रमांक तुमच्या सर्व्हरला शिवतही नाही, पुढची चिंता सेवादाराची’ हा येथे कालच दिलेला सल्ला वाचून राहवले नाही. विजेट, म्हणजे पेमेंट सेवा देणाऱ्या कंपनीची (सेवादाराची) पैसे भरण्याची तयार चौकट, आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या स्वतंत्र खिडकीत) असते आणि आपल्या पानावरील स्क्रिप्टला (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडला) आतला क्रमांक वाचता येत नाही, हे मान्य. परंतु ते पान आपलेच असते, आणि त्यात शिरलेली परकी स्क्रिप्ट खरी चौकट काढून तिच्या जागी हुबेहूब खोटी बसवू शकते. ब्रिटिश एअरवेजच्या पानात २०१८ मध्ये अशीच स्क्रिप्ट शिरली आणि २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड झाला.

कोरडा_हिशेब
सल्ला माझाच होता. आपले उदाहरण गैरलागू आहे, कारण तेथे कार्डाची माहिती कंपनीच्याच फॉर्ममध्ये भरली जात होती; विजेट असते, तर ती स्क्रिप्ट उपाशी राहिली असती.

रात्रपाळी
आपण दोघे चोरांवरून भांडत आहात. आमच्याकडे चोर नसतानाही पैसे अडकत होते. ग्राहक संमती देण्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये जाई, तेवढ्यात फोन आमचे ॲप बंद करी, विजेटचा ‘यशस्वी’ हा संदेश कधीच पोहोचत नसे आणि पैसे कापले जाऊनही ऑर्डर प्रलंबितच राही. आधीच्या विकासकाने वेबहुक, म्हणजे सेवादाराच्या सर्व्हरकडून थेट आमच्या सर्व्हरला येणारा संदेश, लावलेलाच नव्हता.

कोरडा_हिशेब
वेबहुक उशिरा येतो, दोनदा येतो, कधी उलट्या क्रमाने येतो. त्याची एवढी आरती कशाला?

रात्रपाळी
दोनदा आला तर व्यवहार क्रमांक पाहून दुसरा सोडून द्यावा, उशीर झाला तर सर्व्हरवरून स्थिती विचारावी, आणि संदेश सेवादाराचाच आहे हे दाखवणारी डिजिटल स्वाक्षरी तपासल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये. ब्राउझरने ‘पैसे भरले’ म्हटल्याबरोबर माल पाठवणाऱ्यांनी इतरांना सल्ले देऊ नयेत.

कोरडा_हिशेब
वैयक्तिक टीका नको. ठीक आहे, दोन ओळी, एक वेबहुक आणि आपले प्रवचन, एवढे लागते. समाधान झाले?

अर्धविराम
त्यांचे झाले असेल, माझे नाही. पीसीआय डीएसएस या कार्डसुरक्षेच्या मानकात, कार्डाचे काम सेवादारावर सोपवणाऱ्या व्यापाऱ्यांनी स्वतः भरायच्या ‘एसएक्यू ए’ या प्रश्नावलीतून जानेवारी २०२५ मध्ये स्क्रिप्टविषयक दोन अटी वगळल्या खऱ्या, पण त्याच वेळी आपले संकेतस्थळ स्क्रिप्टच्या हल्ल्यांना बळी पडणारे नाही, याची खात्री व्यापाऱ्यानेच करावी, ही ती प्रश्नावली वापरण्याच्या पात्रतेची अट आली. ती खात्री आपला सेवादार देणार आहे का?