व्याख्यानाआधी मेसच्या ताटाकडे पाहावे
विद्यार्थ्यांना आरोग्याची माहिती मिळावी म्हणून महाविद्यालयांनी वर्षारंभी एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे, अशी एक सूचना पुढे आली आहे. ती योग्य असली तरी पुरेशी आहे, असे मला वाटत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणारा, दोन वेळच्या मेसवर आणि अधूनमधून अमृततुल्याच्या चहावर दिवस काढणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला, तर काय शिकवायला हवे ते आपोआप ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. तरीही जेवणाला लागूनच घेतलेल्या चहातील टॅनिनमुळे पालेभाज्या व कडधान्यांतील लोह कमी शोषले जाते आणि ताटातल्या लिंबाच्या फोडीतील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते, ही साधी गोष्ट किती मुलींना कोणी सांगितलेली असते? चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, इतकेच. (तो सोडाच, असे पुण्यात सांगण्याचे धाडस मी करणार नाही.)

मानसिक आरोग्याचा मात्र सूचनेत उल्लेखच नाही. स्पर्धा परीक्षांच्या या शहरात ही उणीव मोठी आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क समुपदेशन मिळते. तो क्रमांक प्रत्येक ओळखपत्राच्या मागील बाजूस छापावा. त्यासाठी कोणत्याही समितीची आवश्यकता नाही.