नवीन प्रोजेक्ट लीड: मशीनचं कळतं, माणसांचं कसं जमवायचं? (एसपीएम म्हणजे स्पेशल पर्पज मशीन, ९ जणांची टीम)

नवा_लीड_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन बिल्डिंग युनिटमध्ये प्रोजेक्ट लीडची जबाबदारी नुकतीच आली आहे. टीममध्ये २ मेकॅनिकल डिझायनर, १ इलेक्ट्रिकल डिझायनर, २ पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमर, ३ फिटर आणि पर्चेसचा १ असे ९ जण. पीओपासून (ग्राहकाची खरेदी ऑर्डर) डिस्पॅचपर्यंत १६ आठवडे. प्रश्न असे:
१) मीटिंगमध्ये सगळे ‘चालू आहे’ म्हणतात, उशीर कळतो तो डिस्पॅचच्या तोंडावर.
२) दिलेलं काम अर्धवट परत येतं आणि शेवटी स्वतःच पूर्ण करावं लागतं.
३) फिटर वयाने, अनुभवाने मोठे आहेत. त्यांना सांगायचं कसं?
यासाठी एखादा कोर्स करावा का?

पंचपॉइंट:
पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. उशीर शब्दांमागे लपतो. ‘बघतो’ म्हणजे तारीख ठरलेली नाही. ‘होऊन जाईल’ म्हणजे बहुधा सुरुवातच नाही. ‘झालंच समजा’ म्हणजे सगळ्यात चिवट भाग अजून बाकी आहे. यातला कुठलाही शब्द कानावर आला की लगेच विचारा, ‘उरलंय काय काय?’ आणि उत्तर तिथेच लिहून घ्या.

टक्के विचारूच नका. काम झालं तर शंभर, नाही तर शून्य. पण त्यासाठी कामाचे तुकडे ५ दिवसांपेक्षा मोठे नकोत. ‘इलेक्ट्रिकल डिझाइन, ३ आठवडे’ अशी एकच ओळ ठेवली तर दुसऱ्या आठवड्यापासून ते ‘९० टक्के’वर अडकून बसतं. आय-ओ लिस्ट (इनपुट-आउटपुटची यादी), पॅनेल लेआउट, पॉवर ड्रॉइंग, कंट्रोल ड्रॉइंग, केबल शेड्यूल असे पाच तुकडे पाडा. कुठे अडलंय ते चौथ्या-पाचव्या दिवशी दिसेल.

ओपन पॉइंट लिस्ट संपूर्ण प्रोजेक्टची एकच ठेवा. मुद्दा, कोणाकडे, कधीपर्यंत, कधी बंद झाला, एवढे कॉलम पुरतात. ‘कोणाकडे’मध्ये एकाच माणसाचं नाव. ‘डिझाइन’ असं लिहिलं तर दोन्ही डिझायनर एकमेकांची वाट बघतात. तारखेच्या जागी ‘लवकर’, ‘अर्जंट’ चालणार नाही. आणि तारीख देताना गुरुवार लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच युनिटना आणि जॉबवर्कवाल्यांना तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी कबूल केलेला पार्ट खरं तर शुक्रवारी हातात येतो. ग्राहकाची सुट्टी रविवारी असेल तर आठवड्याचे दोन दिवस असे जातात.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. वाईट बातमी ऐकल्यावरची पहिली दहा सेकंदं. सर्वांसमोर ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ असं एकदा जरी म्हणालात तरी पुढची बातमी आणखी उशिरा येते. ‘बरं झालं आज सांगितलंत. यामुळे पुढचं काय काय अडेल?’ असं म्हणा आणि मगच उपायाकडे वळा. चूक कबूल करायला, शंका विचारायला टीममध्ये भीती न वाटणं यावर एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये संशोधन मांडलं होतं. शॉप फ्लोअरवर त्याचा अर्थ सरळ आहे: बॉलस्क्रू ३ आठवडे लांबलाय हे पर्चेसवाल्याने चौथ्या आठवड्यात सांगितलं तर दुसरा मेक शोधता येतो, बाराव्यात सांगितलं तर फक्त ग्राहकाची माफी मागता येते.

ऑफसेट_शून्य:
दुसरा प्रश्न. काम अर्धवट परत येतं तेव्हा दहातल्या सात वेळा ते देतानाच अर्धवट दिलेलं असतं. ‘क्लॅम्पिंग फिक्स्चरचं डिटेलिंग करून टाक’ हे वाक्य देणाऱ्याला पूर्ण वाटतं. घेणाऱ्याला टॉलरन्स कुठून घ्यायचा, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी) त्यातच हवी का, मटेरियल कोणी ठरवायचं, काहीच कळलेलं नसतं. चार गोष्टी सांगा. हातात काय पडलं म्हणजे झालं (डिटेल ड्रॉइंग, बीओएम, बॉटआउटची म्हणजे तयार विकत घ्यायच्या वस्तूंची यादी). काय बदलायचं नाही (लोकेटिंग पिनच्या जागा डीएपीत, म्हणजे ग्राहकाच्या डिझाइन मंजुरीत, ठरल्यात). मधला थांबा कुठे (पहिली २ ड्रॉइंग झाली की दाखवायची, सगळी २० झाल्यावर नाही). कुठला निर्णय न विचारता घ्यायचा (समजा, ५,००० रुपयांपर्यंतचा बॉटआउट).

मग ‘समजलं ना?’ विचारू नका, त्याला ‘हो सर’ याशिवाय उत्तर नसतं. ‘सुरुवात कुठून करणार?’ असं विचारा. गैरसमज असेल तर दोन मिनिटांत बाहेर येतो.

परत आलेलं काम स्वतः दुरुस्त करू नका, हे सगळ्यात जड जातं. ड्रॉइंगवर खुणा करून त्याच माणसाकडे परत द्या, कारणासकट. पहिल्या वेळी तुमची ४० मिनिटं जातील आणि त्याचा अर्धा दिवस. प्लॅनमध्ये तो अर्धा दिवस आधीच धरलेला असावा, नाहीतर घाईत तुम्हीच माउस हातात घ्याल.

एक ध्यानात ठेवा, माणूस ‘तयार’ किंवा ‘कच्चा’ असा सरसकट नसतो. लॅडर लॉजिक डोळे मिटून लिहिणारा प्रोग्रॅमर सर्वो ट्यूनिंगला नवखा असू शकतो. पहिल्या कामात फक्त तारीख विचारा, दुसऱ्यात रोज शेजारी बसा. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या ‘सिच्युएशनल लीडरशिप’चा गाभा हाच.

कोर्सबद्दल: पीएमपीच्या (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) परीक्षेसाठी लागणारं ३५ तासांचं प्रशिक्षण पुण्यात सहज मिळतं आणि नियोजन, रिस्क, भाषा यासाठी ते चांगलं आहे. समोरच्याशी अवघड बोलणं मात्र वर्गात बसून येत नाही. आधी वरची एकच सवय धरा, ४ आठवडे चालवा, मग दुसरी.

चाकणफाटा:
फिटरबद्दल. हुकूम आणि आर्जव, दोन्ही नको. त्यांचं ज्ञान ड्रॉइंग रिलीज होण्याआधी वापरा. असेंब्ली ड्रॉइंग ए३ वर काढा, मशीनजवळच्या टेबलावर पसरा आणि विचारा, ‘काका, हे बसवताना हात कुठे अडेल?’ ते बोट ठेवतील: इथे एम१२ चा ५० लांबीचा ॲलन बोल्ट आहे आणि वरच्या ब्रॅकेटखाली जागा ३५ मिलिमीटर. बोल्ट आतच जाणार नाही, मग १० नंबरची ॲलन की फिरवायचा प्रश्नच नाही. स्क्रीनवर हे सुटतं, कारण तिथे बोल्ट बसलेलाच दिसतो. अर्ध्या तासात असे चार-पाच मुद्दे निघतात. ते लिस्टमध्ये त्यांच्याच नावाने घाला आणि बदल झाल्यावर नवी रिव्हिजन त्यांना स्वतः नेऊन दाखवा. विचारून पुढे काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. सूचना घेता येणार नसेल तर कारण त्याच दिवशी सांगा.

निर्णय मात्र तुमचाच. ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून जबाबदारी त्यांच्यावर ढकलू नका. अनुभवी माणसाला ते लगेच कळतं.

उशीर झाला की वरून ‘आणखी ३ माणसं घ्या’ येतं, त्याचीही तयारी ठेवा. ९ जणांत बोलण्याच्या जोड्या ३६ होतात, १२ जणांत ६६. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडे पॅनेल वायरिंग, फेरुल घालणं, केबल ड्रेसिंग यांना जादा हात उपयोगी पडतात, कारण काम वाटता येतं. पीएलसी डीबगिंगला नाही. मशीन एकच, त्यावर एका वेळी एकच सायकल चालते.

नवा_लीड_भोसरी:
खूप उपयोगी, मनापासून आभार. आणखी दोन विचारतो. एकाच माणसाचं काम दोन-तीनदा लांबलं तर कसं बोलायचं? आणि डीएपीनंतर ग्राहक फोनवर ‘छोटासा चेंज आहे’ म्हणतो, त्याला काय सांगायचं?

पंचपॉइंट:
बोलायचं ते एकट्याशी आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या. काय घडलं, त्याने काय झालं, मग प्रश्न. ‘आय-ओ लिस्ट शुक्रवारी यायची होती, सोमवारी आली. वायरिंगचे दोन दिवस गेले. काय अडलं होतं?’ एवढं बोलून गप्प राहा. शांतता लांबली तरी तुम्ही ती भरू नका. ‘तुम्ही नेहमीच’, ‘तुमचं लक्षच नसतं’ हे टाळा, माणूस तेवढंच धरून बसतो. तीनदा एकाच कारणाने लांबलं, म्हणजे समजा ग्राहकाकडून पार्ट ड्रॉइंग उशिरा येतंय, तर तो मुद्दा त्या माणसाचा राहत नाही. तो तुमच्या नावावर घ्या आणि ग्राहकाकडे पाठपुरावा तुम्ही करा.

चेंजला फोनवर हो नाही आणि नाहीही नाही. ‘उद्या ४ वाजेपर्यंत लिहून कळवतो’ एवढंच. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोग्रॅम आणि पर्चेस, चौघांकडून दिवस आणि खर्च विचारा. सेन्सर एकच वाढला तरी ब्रॅकेट, केबल, स्पेअर इनपुट, लॉजिक आणि ट्रायल अशा पाच ठिकाणी हात लागतो. मग मेल: बदल हा, जादा दिवस इतके, खर्च इतका, लेखी मंजुरी आली की काम सुरू. आणि ग्राहकाला हो म्हणण्याचा अधिकार टीममध्ये फक्त तुमच्याकडे आहे, हे किक-ऑफच्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा. नाहीतर ग्राहक सरळ प्रोग्रॅमरला फोन लावतो आणि तो बिचारा भिडेपोटी रात्री बसून लॉजिक बदलतो.